दारात वाटलेलं शुद्धिपत्र

मालकांवर माहितीपट निघतोय, हे सांगायला पुण्याहून एक मुलगी माझ्या घरी आली, तेव्हा मी एका प्राध्यापकांचा प्रबंध तपासत बसले होते. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, पण मुद्रितशोधनाचं काम अजून घरी येतं. मुलगी तिशीची असेल. चहा घेता घेता तिने मला सांगितलं की तुम्ही त्यांच्याकडे बावीस वर्षं होता, तुमच्याशिवाय फिल्म पुरी होणार नाही.

मी म्हटलं, बोलीन, पण सगळं बोलीन.

"सगळंच हवंय," ती म्हणाली. सगळं म्हणजे काय, हे तेव्हा तिला ठाऊक नव्हतं.

मालक म्हणजे आमच्या मासिकाचे प्रकाशक. संपादकही तेच, छापखानाही त्यांचाच. आम्ही सगळे त्यांना मालकच म्हणायचो. त्यांना जाऊन आता सहा वर्षं होतील. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. कुणाचंच लिहीत नाही. नावाने आणि खुणांनी काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

कोल्हापुरात आमचं मासिक एकेकाळी सगळ्या घरांत जायचं आणि एकाही घरात दिसायचं नाही. मुखपृष्ठावर बाईचा फोटो, तोही असा की दुकानदार अंक दोरीला उलटा लटकवायचा. गिऱ्हाईक तो वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचं. पण आत काय असायचं? पाळी का येते, कधी जाते. निरोध कसा वापरायचा. मूल होत नसेल तर दोघांनीही का तपासून घ्यायचं. लग्नानंतर पहिल्या रात्री रक्त आलं नाही म्हणून पोरीला माहेरी पाठवणाऱ्यांना मालक मराठीतल्या साध्या शब्दांत मूर्ख म्हणायचे, आणि खाली डॉक्टरांचा लेख छापायचे. शेवटची आठ पानं वाचकांच्या पत्रांची. त्या पानांसाठी बायका अंक मागवायच्या. पाटलाच्या सुनेकडून शेजारणीकडे, शेजारणीकडून शिवणक्लासला, असा एक अंक दहा-बारा घरं फिरायचा. आठवडी बाजारात बायकांना लघवीला जायला जागा नाही, यावर मालकांनी सलग पाच महिने पत्रं छापली. शेवटी एका तालुक्याच्या गावी बायकांनीच कचेरीपुढं बसकण मारली आणि संडास बांधून घेतले. हे मी फिल्मसाठी रंगवून सांगत नाही. त्या पत्रांच्या झेरॉक्स माझ्याकडे आहेत.

शहराने त्यांना शिव्या घातल्या. एकदा मोर्चा आला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी अंकांची होळी केली. मालक खुर्ची घेऊन पायरीवर जाऊन बसले. पुढारी ओरडत होता, तसे हे म्हणाले, "पावणं, जाळताय तर जाळा, पण विकत घेतलेलं जाळा. चोरून आणलेलं हाय त्ये." मोर्चातली निम्मी माणसं हसली. अश्लीलतेचा खटला झाला, तो वर्षानुवर्षं चालला, आणि प्रत्येक तारखेला मालक धुतलेलं धोतर नेसून कोर्टात हजर राहिले. एकदाही माफी मागितली नाही.

मी तिथं लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. वडील गिरणीत कामाला, आई घरात गोधड्या शिवायची, आणि आमच्या बौद्ध वस्तीत बी.ए.ला बसलेली मी तिसरी मुलगी. मुद्रितशोधक पाहिजे, अशी जाहिरात वाचून गेले. मालकांनी पुढ्यात एक लांब कागद टाकला, खिळे जुळवून काढलेल्या कच्च्या छापाचा, आणि चुका काढायला सांगितलं. आधी आलेल्या दोघा पदवीधरांनी सात-सात काढल्या होत्या. मी अकरा काढल्या, आणि वर म्हटलं की बारावी चूक जुळणाऱ्याची नाही, लिहिणाऱ्याची आहे, वाक्यच उलटं झालंय. ते वाक्य मालकांचंच होतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "उद्यापासनं येतीस?"

अशी ती नोकरी. ती मी मिळवलेली होती. हे ठासून सांगायचं कारण असं की फिल्म तयार झाल्यावर तिच्यात मागून एक भारदस्त आवाज सांगतो: 'त्यांनी वस्तीतल्या एका उपेक्षित मुलीला हात देऊन उभं केलं.' मी उभीच होते. माझे पाय शाबूत होते. एवढं मात्र खरं, की त्यांनी मला माझी जात विचारली नाही, आणि ज्या कपातून ते चहा प्यायचे त्याच कपांतून आम्हा सगळ्यांना चहा मिळायचा. त्या काळी तेवढंही पुष्कळ ठिकाणी नव्हतं.

आता ते पत्र.

पत्रांची पानं दोन वर्षांत माझ्याकडेच आली होती. पत्र वाचायचं, नावगाव काढायचं, ओळख पटेल अशा खुणा काढायच्या, मग जुळायला द्यायचं. पन्हाळ्याकडच्या एका गावातल्या बाईचं पत्र आलं. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. कोल्हापुरातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून सांगितलं होतं की तुझ्यात दोष नाही, नवऱ्याला आण. नवरा येत नव्हता. घरात तिला वांझोटी म्हणत होते आणि त्याच्यासाठी दुसरी मुलगी बघत होते. तिने विचारलं होतं, मी खरं बोलू का, आणि बोलले तर पुढं काय करू. पत्रात तिने सहज लिहिलं होतं की नवऱ्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गुऱ्हाळाच्या चरकात गेलीत, दीर तालमीत नावाजलेला पैलवान आहे, घरापुढं दोन चिंचा आहेत. मी पेन्सिलने बोटं काढली, पैलवान काढला, चिंचा काढल्या.

छपाईआधीचं शेवटचं प्रूफ हातात आलं तेव्हा बोटं परत आली होती. पैलवानही होता, चिंचाही होत्या. शेजारी मालकांचं अक्षर: 'तपशील काढला की पत्र मरतं.'

मी ते वाचलं. मला कळलं होतं की हे चूक आहे. उठून त्यांच्या खोलीत जावं, असं वाटलं. पण वडिलांची गिरणी त्या वर्षी बंद पडली होती आणि घर माझ्यावर होतं. मी प्रूफावर सही केली आणि कागद आत पाठवला. हे मी आजवर लपवलेलं नाही आणि इथंही लपवत नाही. दोष त्यांचा होता आणि सही माझी होती.

अंक निघाला. महिन्याच्या आत ती आमच्या दारात उभी राहिली. कपाळाला टाके, हातात वायरची पिशवी. गावातल्या शाळामास्तराच्या बायकोने अंक वाचला होता, दोन बोटांवरनं सगळं गाव ओळखून बसलं, आणि सासरच्यांनी तिला मारून बाहेर काढलं. भाऊ घेत नव्हता. ती माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी होती.

मालकांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले की मी तुझी राहायची सोय करतो, कामाचं बघतो. ती म्हणाली, "सोय नगं. तुमी चुकलासा, तेवढं छापा. माझं पत्र छापलासा तसं, त्याच जागंला."

मालक मान खाली घालून म्हणाले की विचार करतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितलं की वकील नको म्हणतायत. खटला चालू आहे, चूक कबूल केली तर कोर्टात तेच कागद आपल्यावर उलटतील. मी विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? ते म्हणाले, "माझं म्हणणं वकिलाचंच."

मोर्चापुढं खुर्ची टाकून बसणारा माणूस माफीच्या चार ओळींना घाबरला. मी त्यांना तसं तोंडावर बोलले आणि त्यांनी मला कामावरून जायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी परत बोलावणं आलं. मी एकच अट घातली: पत्रांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे, आणि माझी पेन्सिल लागल्यावर पुन्हा कुणी हात लावायचा नाही. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. पुढची वीस वर्षं त्यांनी तो शब्द पाळला. पण त्या चार ओळी त्यांनी कधीच छापल्या नाहीत.

ती बाई पाच महिने आमच्या घरी राहिली. आईने तिला गोधड्या शिवायला बसवलं. रात्रशाळेतून ती दहावी झाली, अंगणवाडी सेविकेची नोकरी मिळवली आणि गेली. सणावाराला यायची, पुढं पुढं फोन करायची.

म्हणून फिल्मवाल्या मुलीला मुलाखत देण्याआधी मी या बाईला विचारायला गेले. शिरोळकडची एसटी धरली. कुठल्या फाट्यावर उतरले ते सांगणार नाही. ती आता माझ्यासारखीच म्हातारी झालीय. बहिणीची मुलगी वाढवली, तिचं लग्न केलं, दारात तीन म्हशी आहेत, गेल्या पुरात पाण्यात गेलेली भिंत तिने स्वतः उभी राहून बांधून घेतलीय. आमच्याकडच्या बऱ्याच बायकांसारखी ती स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलते. मी सगळं सांगितल्यावर ती म्हशीपुढं वैरण टाकत राहिली. मला वाटलं, नको म्हणणार.

"सांग की गं," ती म्हणाली. "माझं नाव नगं, गाव नगं. पर झालं ते सांग. त्यो चांगला व्हता, हेबी सांग. त्याच्या पुस्तकामुळंच मला कळलं की दोष माझा न्हाई. मला हाकललं ते माझ्या घरच्यांनी. त्यानं निस्तं दार उघडून दिलं त्यांस्नी."

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात मालकांचा मुलगा घरी आला. त्याला मी अर्ध्या चड्डीत पाहिलेलं. आजही मला मावशी म्हणतो. पेढे घेऊन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने सांगितलं की फिल्मसाठी जुने फोटो, अंक, कागद सगळे आम्हीच दिलेत, खर्चालाही हातभार लावलाय, आणि ती एक गोष्ट तेवढी वगळली तर बरं होईल. मग जरा हळू आवाजात म्हणाला, "मावशी, बाबा आता उत्तर द्यायला नाहीत."

मी म्हटलं, "तिला तरी उत्तर द्यायला जागा कुठं दिलीती त्यांनी?"

तो उठला. पेढे ठेवून गेला. मी ते शेजारी वाटून टाकले.

मुलाखत पूर्ण दिवस चालली. पुण्याच्या मुलीने ऐकलं, मध्येच डोळे पुसले, आणि जाताना माझा हात घट्ट धरून आभार मानले.

फिल्मचा पहिला खेळ कोल्हापुरातच एका सभागृहात झाला. गर्दी चांगली होती. ज्यांनी एकेकाळी अंक जाळले त्यांच्यातले दोघे-तिघे पहिल्या रांगेत हार घेऊन बसले होते. फिल्म चांगली होती, हे मी आजही म्हणेन. संडासांची गोष्ट आली, खटला आला, त्या तालुक्यातल्या तीन बायका बोलल्या आणि मला भरून आलं. मग पडद्यावर मी आले. म्हणाले, 'त्यांच्यासारखा न घाबरणारा माणूस मी पाहिला नाही.' आणि पडद्यावर लगेच मालकांचा तरुणपणीचा फोटो आला, मागे बासरी.

माझं वाक्य तिथं संपलं नव्हतं. मी म्हणाले होते, 'त्यांच्यासारखा न घाबरणारा माणूस मी पाहिला नाही, पण एका बाईपुढं ते घाबरले.' आणि मग ती सगळी हकीकत. त्यातलं अक्षरही फिल्ममध्ये नव्हतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांची वाक्यं तपासली आणि माझंच वाक्य अर्ध्यावर तोडून माझ्या तोंडात ठेवलं होतं.

दिवे लागले, टाळ्या झाल्या. सूत्रसंचालक आभार मानायला लागला तशी मी जागेवर उभी राहिले आणि म्हटलं की माझं वाक्य अर्धं दाखवलंय, उरलेलं मी आत्ता सांगते. तो म्हणाला की प्रश्नोत्तरं नंतर आहेत. मागून कुणी म्हातारा बोलला, "बाई, खाली बसा, चांगल्या कार्यात विघ्न आणू नका." मी त्याच्याकडे वळून सांगितलं, "तेव्हा बसलोतो की खाली. सही करून बसलोतो. आता न्हाई बसत."

माइक कुणी दिला नाही. मला माइक लागत नाही. कोल्हापुरात वाढलेल्या बाईचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: पत्र, बोटं, माझी सही, कपाळावरचे टाके, न छापलेल्या चार ओळी. पहिल्या रांगेत बसलेला मालकांचा मुलगा मागे वळला नाही. फिल्मवाली मुलगी स्टेजवर होती, तिने मान वर केली नाही. काही लोक उठून गेले. बरेचसे बसून राहिले.

बाहेर ती मुलगी माझ्याजवळ आली. रडत होती. मालकांच्या घरच्यांशी करार झालाय, फोटो त्यांचे आहेत, तो भाग ठेवला असता तर फिल्मच निघाली नसती, असं तिने सांगितलं. मी तिला दोष दिला नाही. कशापायी माणूस गप्प बसतं, ते मला पुरतं ठाऊक आहे. फक्त म्हटलं की तू तुझी फिल्म दाखव, मी माझं काम करीन.

माझं काम म्हणजे चूक राहिली की ती दाखवायची. पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली तर त्यात वेगळा कागद घालतात, त्याला शुद्धिपत्र म्हणतात. मी या फिल्मचं शुद्धिपत्र लिहायला बसले. पाचव्या खर्ड्याला जमलं. फोनवर शिरोळकडच्या त्या बाईला वाचून दाखवलं. 'त्या दुर्दैवी घटनेबद्दल' असं मी एका ठिकाणी लिहिलं होतं.

"दुर्दैवी कसलं?" ती म्हणाली. "माझ्या दैवानं काय केलं न्हाई. चूक म्हण की सरळ."

मी शब्द बदलला. गंगावेशीतल्या एका ओळखीच्या डीटीपीवाल्याकडून अर्ध्या पानावर छापून घेतलं: 'या माहितीपटात एक गोष्ट राहून गेली आहे. मासिकाने एका वाचक स्त्रीचे पत्र तिची ओळख पटेल असे छापले. त्यामुळे तिला मारहाण झाली व तिचे घर सुटले. ही प्रकाशकांची चूक होती, व ते प्रूफ मंजूर करणारीचीही. तिने माफी छापायला सांगितली होती, ती छापली गेली नाही. ती आज मागत आहोत.' खाली फक्त 'मुद्रितशोधक' एवढंच.

पुढचा खेळ एका कॉलेजात होता. मी दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कागद दिला. मुलींनी वाचला, घडी करून पर्समध्ये टाकला, फिल्म संपल्यावर प्राध्यापकांना प्रश्न विचारले. महिन्याभरात मालकांच्या मुलाच्या वकिलाची नोटीस आली. बदनामी, फौजदारी, असं बरंच काही. नोटिशीत शुद्धलेखनाच्या चौदा चुका होत्या. मी लाल पेनाने त्या दुरुस्त केल्या, समासात खुणा केल्या, आणि खाली लिहिलं की भाषा सुधारून परत पाठवावी, मजकुरावर मी ठाम आहे. रजिस्टर एडीने परत केली. नंतर काही आलं नाही. मुलाने मात्र माझ्याशी बोलणं टाकलं, त्याचं मला वाईट वाटतं. मालकांना त्याने खरंच जीव लावला होता.

फिल्मवाल्या मुलीने एक केलं. प्रत्येक खेळाची तारीख ती मला कळवायला लागली. येऊ नका, असं तिने एकदाही म्हटलं नाही. बिद्रीकडे एका हायस्कुलात खेळ झाला तेव्हा तर मला दारात बसायला टेबल आणि खुर्ची तिनेच आणून दिली. कुणी कुणी हटकतात. एका गृहस्थांनी माझ्यासमोर कागद फाडला आणि म्हणाले की एवढ्या मोठ्या माणसाच्या एका चुकीवरनं तुम्ही त्याला मापताय. मी म्हटलं, मापत न्हाई, पूर्ण सांगतोय. आणि त्यांच्या हातात दुसरा कागद दिला.

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या दक्षिणेला एका गावात महिला बचत गटांनी फिल्म ठेवली होती. दुपारची वेळ, मांडवात सतरंज्या. बायकांची रीघ लागली होती आणि मी एकेकीला कागद देत होते. एका हिरव्या पातळातल्या बाईपुढं कागद धरला आणि वर बघितलं, तर ती होती, ते पत्र लिहिणारी. येणार असल्याचं तिने मला कळवलं नव्हतं. तिने अनोळख्यासारखा कागद घेतला, पदराखाली धरला आणि आत जाऊन बायकांच्या मधोमध बसली. मीही ओळख दाखवली नाही.

फिल्म संपल्यावर बायका बोलायला लागल्या. कुणी मालकांची बाजू घेतली, कुणी नवऱ्याला शिव्या दिल्या, कुणी म्हणालं की पत्र ओळखणाऱ्यांनी तोंड बंद ठेवायला हवं होतं. ती मांडी घालून सगळं ऐकत होती. तिच्या शेजारची तरुण सून कागदावरनं बोट फिरवत तिला विचारत होती, "आज्जी, ती बाई आता कुठं असंल ओ? हाय का न्हाई कुणास ठाऊक."

"आसंल की," ती म्हणाली. "म्हशी राखत आसंल. बरी आसंल."

मग गुडघ्यावर हात टेकून उठली, धारेची वेळ झाली म्हणाली, आणि माझ्याजवळून एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.